मिती दोन

खानापूर रोडवरच्या नव्या मार्टात
काचेवर कानडी कागद चिकटवला होता.
कानडी मला बसच्या पाट्यांपुरती येते.
अक्षराला अक्षर जोडत वाचलं,
फिनेल, पाच लिटर, एकशे नव्वद रुपये.
खाली बारीक, मिती २.

रविवार पेठेत तोच कॅन दोनशे साठला,
शिवाय पट्टणशेट्टींची उधारीची नजर.

मिती दोन म्हणजे दोन तारीख.
आमच्या भिशीच्या वहीत अजून तसंच लिहितात,
मिती अमुक, जमा तमुक.
म्हटलं थांबू की,
आठ दिवसांनी काय बिघडतंय.
आठ दिवस जुन्या कॅनात पाणी घालून ढकलले.
दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
विमल, अलीकडे वास येईना गं.

दोन तारखेला शहापुरातनं टमटम केली,
बारा कॅन बसतील अशी, मागची सीट काढून.
यल्लूबाई आणि शकीला बरोबर.
ट्रॉलीचं एक चाक वाकडं,
ती सारखी बिस्किटांकडं ओढत होती.

काउंटरच्या पोरीनं दोन कॅन पट्टीवर घेतले
आणि दहा कोपरानं मागं सारले.
"मिती अंदर इष्ट, अक्का."
म्हटलं, आज दोनच तारीख हाय की!
ती हसली नाही. मागं रांग होती.
मोडक्या मराठीत म्हणाली,
एका घराला दोन. जास्त धंदेवाल्याला लागतंय.
घरात किती जण तुम्ही?

घरात आम्ही तिघं.
पण संडास बेचाळीस आहेत, पोरी.
लॉजचे अठरा,
दोन कार्यालयांचे मिळून चौदा,
शाळेचे नऊ,
आणि डॉक्टरीणबाईंचा एक, त्यात आरसा आहे.
परवा येळ्ळूरकरांचं लग्न, बाराशे पान उठणार.
बाराशे माणसं जेवून कुठं जातात
ते पत्रिकेत छापत नाहीत.

हे सगळं मी मनात म्हटलं.
तोंडानं एवढंच म्हटलं, बरं.

मग शकीला वेगळ्या रांगेत गेली,
नवऱ्याचा नंबर सांगितला,
दोन कॅन कडेवर घेऊन बाहेर आली,
जुळ्यांची आई असल्यासारखी.
यल्लूबाईला विचारलं, मोबाईल नंबर?
यल्लूबाई म्हणाली, नाही.
कुणाचा तरी सांगा.
कुणाचा सांगू बाई, मी एकटीच हाय.
मशीन नंबरावाचून पुढं जाईना.
पोरीनं मशीनकडं बघितलं, यल्लूबाईकडं बघितलं,
आणि तिचे दोन कॅन
आमच्या दहांच्या बाजूला नेऊन ठेवले.
म्हणजे त्या दहांतलेच ते,
मोजताना मीच चुकले.

दाराशी मार्टाची बाई फरशी पुसत होती.
बादलीतलं पाणी काळं, वास कसलाच नाही.
आमच्या चार कॅनांकडं बघून म्हणाली,
आमाला दिवसाला अर्धं टोपण देतात.
आत कपाट भरलेलं हाय, वरपर्यंत.
तिचं नाव विचारायचं राहिलं.
यल्लूबाई तेवढ्यात तिच्या पोछ्याला हात लावून
दांडा सैल झालाय म्हणाली,
आणि पिळून घट्ट करून दिला.

चार कॅनांत वाचले दोनशे ऐंशी,
टमटमला गेले दीडशे.
टमटमवाला मोकळ्या जागेकडं बघून म्हणाला,
एवढ्यासाठी सीट काढायला लावलीत व्हय?

रात्री भिशीची वही उघडली.
उद्या तीन तारीख. मी लिहिलं मिती दोन.
परवा चार, लग्नाचा दिवस. मिती दोन.
तेरवा पाच.
महिना संपेपर्यंत तसंच लिहीत गेले,
एकाखाली एक, दोन कॅन, दोन कॅन,
रोज चालत जायचं, टमटम नाही.
यल्लूबाईच्या नावापुढं
नंबरासाठी जागा सोडली.